आक्काचे आजारपण आणि १४३ पिशव्या

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, गेल्या श्रावणात जो आजार झाला त्याचे नाव आमच्या घरात अजूनही कोणाला एका दमात घेता येत नाही. थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा असे ते नाव असून डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात टीटीपी म्हणतात. दहा लाख लोकवस्तीत वर्षाकाठी जेमतेम तीन-चार जणांना होणारा हा रक्ताचा विकार आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात त्याआधी कोणी ऐकलेलाही नव्हता. आता मात्र ओळखीच्या आणि अनोळखी माणसांचे फोन येतात, आणि आमच्या सुनेच्या प्लेटलेट उतरल्या आहेत, तुमच्या आक्कांना झाले होते तेच हे असेल का, असे विचारतात. प्रत्येकाला फोनवर तुटक सांगण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. मी डॉक्टर नाही, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतले, तेवढेच येथे आहे.

आक्का ३८ वर्षांची आहे आणि सासरच्या गावी अंगणवाडी चालवते. नागपंचमीला ती माहेरी आली तेव्हा भातलावणी नुकतीच उरकली होती, त्यामुळे तिच्या थकव्याचे आम्हाला काहीच वाटले नाही. संध्याकाळी पाय धुताना आईने तिच्या नडग्यांवर मोहरीएवढे तांबडे ठिपके पाहिले. चिखलातून चालून पाय उलले असतील, नाहीतर जळवा लागल्या असतील, असे आम्ही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी बांगड्यांच्या खाली मनगटावर काळेनिळे वण उमटले, अंगात कणकण आली आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली. जवळच्या एका दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट ३८ हजार निघाल्या. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात.

पावसाळ्यात आमच्या भागात ताप आणि उतरलेल्या प्लेटलेट म्हटल्या की डेंग्यू, हे समीकरण इतके पक्के आहे की दुसरा विचार कोणाच्या मनात येत नाही. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली, पण ताप येऊन चार-पाच दिवस उलटले की ती निगेटिव्ह येऊ शकते हेही खरेच असल्याने सलाइन चालू झाले. घरी पपईच्या पानांचा रस काढला जाऊ लागला आणि दाजींनी बेळगावहून किवीची फळे आणली. त्या दवाखान्यावर माझा राग नाही, कारण शंभरातल्या नव्याण्णव वेळा त्यांचा अंदाज बरोबर ठरला असता. तरीही एक गोष्ट तेव्हाच अहवालात लिहिलेली होती आणि ती आम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटली. तीव्र डेंग्यूत रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर झिरपते, त्यामुळे उरलेले रक्त घट्ट होऊन तांबड्या पेशींचे प्रमाण चढलेले दिसते. आक्काचे हिमोग्लोबिन मात्र पहिल्या दिवशी ९.४ होते आणि तिसऱ्या दिवशी ६.८ वर आले. बाहेर कुठेही रक्तस्राव नसताना ते घसरत होते, डोळे पिवळे होत होते आणि प्लेटलेट १४ हजारांवर आल्या होत्या. मी विज्ञानाचा शिक्षक असून ते तीन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी वाचूनही त्यांचा संबंध लावू शकलो नाही, ही खंत मला आजही आहे.

त्याच संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि आक्का तिच्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. आईने परात सरकवायला सांगितली तर ती परातीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, याला काय म्हणायचं ग?" आम्हाला आधी ती चेष्टा वाटली. मग तिचे शब्द अडखळू लागले, उजव्या हाताची बोटे मिटेनाशी झाली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी सगळे आपोआप पूर्ववत झाले. बरे वाटते आहे, सकाळी जाऊ, असे तीच म्हणत होती. दाजींनी तिचे ऐकले नाही. शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही पावसातच निघालो. खानापूरहून बेळगाव २६ किलोमीटर, पण त्या रात्री तो रस्ता संपता संपेना.

बेळगावच्या मोठ्या रुग्णालयातल्या अपघात विभागात पहिल्या तासाभरात प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या गेल्या होत्या. १४ हजार प्लेटलेट आणि मेंदूची लक्षणे म्हटल्यावर मेंदूत रक्तस्राव झाला असेल, ही शंका रास्तच होती. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. दरम्यान रात्रपाळीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी यंत्राच्या आकड्यावर न थांबता रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या जागी जागोजागी तुटलेल्या, टोकदार, शिरस्त्राणासारख्या आकाराच्या पेशी त्यांना दिसल्या. या तुकड्यांना शिस्टोसाइट म्हणतात. त्यांनी फोन करून प्लेटलेट चढवू नका असे सांगितले आणि पाठोपाठ स्वतः खाली आल्या. पुढे मी त्यांना भेटून ती काच पाहण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकावर बसवून पेशी दाखवल्या. वर्षानुवर्षे मुलांना तांबड्या पेशींची आकृती काढायला शिकवताना मी ज्या गोलाला गृहीत धरले होते, तो माझ्या बहिणीच्या रक्तात फुटलेल्या काकणासारखा विखुरलेला होता.

हा आजार नेमका काय करतो, ते समजायला मला तीन दिवस लागले. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचे एक प्रथिन लांबच लांब धाग्यांच्या रूपात बाहेर पडते. जखम झाली की प्लेटलेटना त्या जागी धरून ठेवणे हे त्याचे काम. हे धागे गरजेपेक्षा लांब राहू नयेत म्हणून अ‍ॅडम्टीएस-१३ नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांना सतत कात्रीसारखे कापत असते. आक्काच्या शरीराने या विकराला परके मानून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार केली आणि कात्री बंद पडली. मग न कापलेले धागे बारीक रक्तवाहिन्यांमध्ये तरंगत राहिले. ओढ्यात काटेरी फांदी आडवी अडकली की वाहून येणारा पालापाचोळा तिला चिकटून बांध होतो, तसे या धाग्यांना प्लेटलेट चिकटून सूक्ष्म गुठळ्या झाल्या. प्लेटलेट कमी दिसत होत्या त्या कुठे वाहून गेल्या म्हणून नव्हे, तर या गुठळ्यांमध्ये अडकून खर्ची पडल्या म्हणून. तांबड्या पेशी त्याच अरुंद जागेतून रेटून जाताना फाटत होत्या, आणि गुठळी मेंदूच्या ज्या भागात अडके तिथले काम तेवढा वेळ थांबत होते. परातीचे नाव गेले ते असे. वरून प्लेटलेट चढवणे म्हणजे ओढ्यात आणखी पाचोळा टाकण्यासारखे झाले असते, म्हणून जिवावर बेतणारा रक्तस्राव असल्याखेरीज या आजारात त्या देत नाहीत.

१९२४ साली न्यूयॉर्कमधल्या इलाय मॉश्कोविट्झ या डॉक्टरांनी या आजाराचे पहिले वर्णन केले. त्यांची रुग्ण १६ वर्षांची मुलगी होती आणि ती दोन आठवड्यांत गेली. त्यानंतरची कित्येक दशके, उपचाराविना, शंभरातले नव्वद रुग्ण दगावत. निरोगी माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्तातला द्रव, दिला तर रुग्ण सुधारतो हे आधी अनुभवाने कळले आणि कारण नंतर सापडले. १९९१ साली कॅनडातल्या १०२ रुग्णांच्या चाचणीत प्लाझ्मा नुसता चढवणे आणि रुग्णाचा प्लाझ्मा काढून त्या जागी दुसऱ्याचा भरणे, यांची तुलना झाली. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातले ६३ टक्के, तर दुसऱ्या गटातले ७८ टक्के रुग्ण जिवंत होते. विकराचा दोष आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे १९९८ मध्ये उघड झाली आणि विकराचे जनुक २००१ मध्ये ओळखले गेले. मी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा हे ज्ञान अगदी ताजे होते, म्हणजे आक्का वाचली ती उपचार माणसाच्या हाती आल्यानंतरच्या काळात आजारी पडली म्हणून, हे मला अक्षरशः खरे वाटते.

विकराच्या तपासणीचे रक्त प्लाझ्मा देण्याआधी काढावे लागते, नाहीतर दुसऱ्याच्या प्लाझ्मातले विकर मोजले जाते. ते काढून, गोठवून, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे रवाना झाले. अहवालाला पाच-सहा दिवस लागणार होते आणि तेवढे दिवस हाती नव्हते. रक्तविकारतज्ज्ञांनी प्लेटलेटचा आकडा, पेशी फुटण्याच्या खुणा, रक्त गोठण्याच्या वेळा, मूत्रपिंडाचे काम अशा सात बाबींवर गुण मांडून टीटीपीचा संभव किती ते ठरवले आणि पहाटेच उपचार सुरू केले. संमतिपत्र कानडी आणि इंग्रजीत होते. धारवाडकडच्या एका तरुण निवासी डॉक्टरने ते ओळ न ओळ मोडक्या मराठीत दाजींना समजावून सांगितले, आणि कळले का, हे प्रत्येक ओळीनंतर विचारले. मानेतल्या शिरेत जाड नळी घातली गेली. एरवी इतक्या कमी प्लेटलेटवर कोणी शिरेला हात लावत नाही.

यंत्र आक्काचे रक्त थोडे थोडे बाहेर घेई, गरगर फिरवून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करी, तिच्या पेशी तिला परत देई आणि पिवळसर प्लाझ्मा, त्यातल्या प्रतिपिंडांसह, एका पिशवीत टाकून देई. त्याच्या जागी दात्यांचा ताजा गोठवलेला प्लाझ्मा जाई. आक्काचे वजन ५२ किलो, म्हणजे तिच्या अंगातला सगळा प्लाझ्मा तीन लिटरच्या आसपास. तेवढा रोज बदलायचा. एका पिशवीत दोनशे मिलिलिटरच्या वर थोडाच असतो, म्हणून एका दिवसाला १३-१४ पिशव्या लागत. प्रत्येक पिशवी उणे ३० अंशांखालच्या कपाटातून काढून ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायची, लेबल दोघांनी वाचायचे आणि मग लावायची. पिशवीतल्या सायट्रेटमुळे रक्तातले कॅल्शियम उतरते, म्हणून अधूनमधून आक्काचे ओठ आणि बोटांची टोके झिणझिणत आणि नर्स कॅल्शियमचे इंजेक्शन देत. दोनदा अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या. बाकी साडेतीन-चार तास ती डोळे मिटून पडून असे.

त्या कक्षातल्या मुख्य नर्स कानडी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आक्काला विचारले, "ऊट आयता, अक्का?" जेवण झाले का, एवढाच त्याचा अर्थ. पण अक्का हा शब्द त्यांच्या भाषेतही थोरल्या बहिणीचाच, आणि आम्ही मराठी माणसे तो आमचा समजून लहानपणापासून वापरत आलो. गुंगीत असलेल्या माझ्या बहिणीने डोळे उघडून "अजून नाही" असे मराठीत उत्तर दिले आणि त्या हसून दुसऱ्या खाटेकडे गेल्या. पुढचे तीन आठवडे दोघींचे संभाषण असेच चालले.

प्लेटलेट १४ हजारांवरून दुसऱ्या दिवशी २१, तिसऱ्या दिवशी ४७ आणि चौथ्या दिवशी ९२ हजार झाल्या. पाचव्या दिवशी प्लाझ्मा संपला. आक्काचा रक्तगट बी. तांबड्या पेशी देताना ओ गटाचे रक्त सर्वांना चालते हे आपल्याला पाठ असते, प्लाझ्माचा नियम मात्र नेमका उलटा आहे. बी गटाला बी किंवा एबी गटाचाच प्लाझ्मा चालतो, आणि एबी गटाची माणसे मुळात थोडी. त्या दिवशी ६ पिशव्यांवर भागवावे लागले आणि सहाव्या दिवशी सकाळी प्लेटलेट ५८ हजारांवर घसरल्या.

ती रात्र माझी फोनवर गेली. माझे जुने विद्यार्थी, दाजींच्या गावचे युवक मंडळ, आक्काच्या अंगणवाडीतल्या मुलांचे बाप, वडगावातले माझे मामेभाऊ, उद्यमबागेतल्या कारखान्यात दाजींबरोबर काम करणारी कानडी मुले, असे पहाटेपर्यंत ३१ जण रक्तपेढीच्या दारात आले. आपण रक्त दिले म्हणजे ते आता आक्काला लागणार, अशी त्यांची समजूत होती, आणि माझीही तीच होती. तिथल्या तंत्रज्ञांनी मला बाजूला घेऊन सांगितले की आज दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, प्लाझ्मा वेगळा करून गोठवला जातो आणि मगच तो कोणालातरी मिळतो. ज्या पिशव्या उजाडता उजाडता शहरातल्या इतर पेढ्यांमधून मिळवून आणल्या गेल्या, त्यांतले रक्त महिन्यांपूर्वी कोणीतरी देऊन ठेवलेले होते.

त्या दिवसापासून मी पिशव्यांची लेबले वाचू लागलो. त्यावर दात्याचे नाव नसते. गट असतो, क्रमांक असतो, रक्त घेतल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख असते. मी दोनशे पानी वहीत रोजच्या पिशव्यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली, आणि आधीच्या पाच दिवसांच्या तारखा नर्सबाईंनी नोंदवहीतून काढून दिल्या. बऱ्याच पिशव्या एप्रिल-मेच्या होत्या, म्हणजे आमच्याकडची शिवजयंती आणि तिच्या आगेमागे भरणारी शिबिरे यांच्या सुमाराच्या. काही जूनमधल्या होत्या. आणि दोन पिशव्यांवर आदल्या वर्षाची १ नोव्हेंबर ही तारीख होती.

सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. १९५६ साली १ नोव्हेंबरला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. त्या तारखेला बेळगावात एकीकडे राज्योत्सवाच्या मिरवणुका निघतात आणि दुसरीकडे मराठी माणसे काळा दिवस पाळून मूक सायकल फेरी काढतात. मी कॉलेजात असल्यापासून त्या फेरीत गेलो आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण त्या तारखेला बी गटाच्या दोन माणसांनी हात पुढे करून रक्त दिले होते आणि ते कोणत्या मिरवणुकीतून आले होते, की कोणत्याच नाही, हे लेबलावर लिहिलेले नव्हते. नऊ महिने गोठून राहिलेला तो प्लाझ्मा सहाव्या दिवशी दुपारी माझ्यासमोर आक्काच्या मानेतल्या नळीतून आत गेला. मी ती तारीख वहीत लिहिली, शेजारी काहीच लिहिले नाही, आणि नंतर बराच वेळ मला पुढची लेबले वाचता आली नाहीत.

त्याच दिवशी विकराचा अहवाल आला. क्रिया ५ टक्क्यांहून कमी, प्रतिपिंडे हजर. स्टिरॉइड पहिल्या दिवसापासून चालू होतेच, आता प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींनाच आवरण्यासाठी रिटुक्सिमॅब सुरू करायचे ठरले. प्लाझ्मा बदलून झाल्यावर लगेच ते द्यावे लागते, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या अदलाबदलीत वाहून जाण्याआधी त्याला शक्य तितका अवधी मिळतो. परदेशात कॅप्लासिझुमॅब हे आणखी नवे औषध २०१८-१९ पासून मिळते, पण ते आमच्या आवाक्यातले नव्हते. जे होते त्यासाठीही दाजींनी सोसायटीचे कर्ज काढले आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या. सातव्या दिवसापासून आकडे चढत राहिले. ११ वेळा प्लाझ्मा बदलल्यावर, सलग दोन दिवस प्लेटलेट दीड लाखाच्या वर टिकल्या तेव्हा यंत्र थांबवले. पेशी फुटण्याची खूण असलेले एलडीएच १,८४० वरून २३० वर आले होते. माझ्या वहीत १४३ तारखा झाल्या होत्या. दाखल झाल्यापासून २१ दिवसांनी, गणपतीच्या दोन दिवस आधी, आक्का घरी आली.

घरी आलेला माणूस बरा झालेला असतो, अशी सगळ्यांची समजूत असते. डॉक्टरांची व्याख्या वेगळी आहे. प्लाझ्मा थांबवल्यावर निदान तीस दिवस आकडे टिकले तर आजार ओसरला म्हणायचे, आणि त्यानंतरही उलटण्याची भीती राहते. तीनातल्या एका रुग्णात तरी तो कधी ना कधी परततो. रिटुक्सिमॅबमुळे संसर्गाचा धोका होता, म्हणून गणपतीला येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही ओसरीवरच थांबवले. आक्काने आतल्या खोलीत खाटेवर बसून आरती म्हटली. पुढचे तीन डोस बेळगावला जाऊन-येऊन झाले.

स्टिरॉइडने तिचा चेहरा गोल झाला, हात थरथरू लागले, रात्री-रात्री झोप लागेना आणि रक्तातली साखर वाढली. भेटायला आलेल्या बायका "छान अंग धरलंस की ग" असे म्हणत आणि त्या गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून रडे. बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी दाराशीच येणाऱ्यांना सांगावे, तब्येतीबद्दल, दिसण्याबद्दल काही बोलू नका म्हणून. हे आम्हाला उशिरा सुचले.

याहून अवघड होते ते तिचे विसरणे. अंगणवाडीतल्या मुलांना रोज म्हणून दाखवायच्या गाण्याची दुसरी ओळ तिला आठवेना. आंबिलीसाठी नाचणीच्या पिठाला पाणी किती, हे तिला आईला विचारावे लागे. बसमधून उतरल्यावर डावीकडे की उजवीकडे, यासाठी ती थांबून राही. मला वाटले होते की गुठळ्या विरघळल्या म्हणजे सगळे जागच्या जागी येईल. तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की टीटीपीतून उठलेल्या पुष्कळ रुग्णांना थकवा, विसराळूपणा आणि उदासी यांचा त्रास महिनोन्‌महिने होतो, काहींना तो कायमचाही राहतो, आणि उदासीला औषध घेण्यात संकोच करू नये. आक्काने ते औषध सहा महिने घेतले. आमच्याकडे रक्ताच्या गोळ्यांबद्दल चारचौघांत बोलतात आणि मनाच्या गोळ्या फडताळात दडवतात. तिच्या परवानगीने मी हे लिहितो आहे.

ती पाच महिन्यांनी अंगणवाडीत परतली, आधी अर्धा दिवस आणि मग पूर्ण. विकराची क्रिया घरी आली तेव्हा १२ टक्के होती, तीन महिन्यांनी ५४ झाली आणि परवाच्या वार्षिक तपासणीत ६८ निघाली. दर तीन महिन्यांनी ही तपासणी करायची, कारण प्लेटलेट उतरण्याच्या आधी विकर उतरते आणि तेव्हाच औषध दिले तर आजार उलटण्याआधी अडवता येतो. ठिपके, काळी लघवी, अचानक जड झालेली जीभ, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघायचे, हे दाजींनी स्वयंपाकघराच्या दारामागे मराठीत आणि कानडीत लिहून लावले आहे. कानडी मजकूर रुग्णवाहिकेच्या माणसांसाठी आहे. ज्यांचे फोन येतात त्यांना मी एवढेच सांगतो की प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिनही झपाट्याने उतरत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर रक्ताची काच कोणीतरी डोळ्यांनी पाहिली आहे का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा.

आक्काला रक्त देता येत नाही. मी दर तीन महिन्यांनी देतो, पुरुषाने दोन वेळांमध्ये ९० दिवसांचे अंतर ठेवायचे असते. दाजींच्या गावच्या मंडळाने यंदा शिवजयंतीला शिबिर भरवले आणि उद्यमबागेतली ती मुले आपली गाडी करून आली.

वही आक्काने मागून घेतली आहे. गेल्या दिवाळीत पहिल्यांदा तिने ती उघडली आणि मला म्हणाली, "तू एक तारीख वाच, त्या दिवशी आपण काय करत होतो ते मी आठवते." सुरुवातीला तिला काहीच आठवत नसे आणि वही मिटून ती उठून जाई. मग आम्ही सणांच्या आगेमागच्या तारखा घेऊ लागलो, लग्नांच्या, लावणीच्या. माझ्या मनात भीती असे की मी तिला उगीच दुखावतो आहे, पण दर रविवारी ती स्वतःच वही घेऊन बसे. माघात एका दुपारी मी १८ फेब्रुवारी ही आदल्या वर्षातली तारीख वाचली. ती बराच वेळ उंबऱ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी अंगणवाडीत तांदूळ आला होता. सात पोती. एक फाटलेलं होतं." मला ते खरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत जाऊन साठ्याचे रजिस्टर उघडले. १८ फेब्रुवारी, तांदूळ, सात पोती, एक फाटलेले, असे तिच्या अक्षरात लिहिलेले होते.